घाईमावशीची बारीक धार

आमच्या मावशीला सगळे घाईमावशी म्हणतात. सगळे म्हणजे शेजारीपाजारी, गिऱ्हाइकं, आम्ही भाचरं आणि ती समोर नसली की तिचा नवरासुद्धा. तिच्या सासऱ्यांना तर मी एकदा फोनवर सांगताना ऐकलंय, "घाईमावशी अंघोळीला गेल्यात. थांबा, आल्यासुद्धा."

ही घाई जन्मजात आहे. आई सांगते, की लहानपणी लपाछपीत मावशी लपायची आणि राज्य असलेला पोरगा शोधायला निघायच्या आत स्वतःच बाहेर येऊन "मी पलंगाखाली होते" असं सांगून टाकायची. लग्नाच्या वेळी काकांनी विचार करायला दोन दिवस मागितले. दुसऱ्याच सकाळी मावशीने त्यांना निरोप धाडला, "तुमचा होकार मी दोन्ही घरी कळवलाय. आता निवांत विचार करा." काका अजून निवांत विचार करताहेत. ते ग्रंथालयात नोकरीला आहेत आणि घरीही असं बोलतात, की शेजारच्या टेबलावर कुणीतरी वाचत बसलं असावं.

मावशीचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत आहे. वरखाली होणारी एक खुर्ची, एक मोठा आरसा, मान मागे टेकून केस धुवायचं बेसिन आणि जिन्याखाली, थांबणाऱ्यांसाठी, भिंतीला लावलेला बाक. बाकाच्या टोकाला आजोबा, म्हणजे मावशीचे सासरे, बसतात. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. आजी गेल्यानंतर हा माणूस खोलीतून बाहेर यायचा बंद झाला. ताट आत न्यायचं आणि तसंच बाहेर आणायचं. मावशीने एका सकाळी पुढच्या खोलीतला सोफा विकला, संध्याकाळी ती खुर्ची आणली, आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, बाहेर बाया खोळंबल्यात आणि एकीलाही रांग म्हणजे काय ते कळत नाही. जरा बघता का?" आजोबांनी अंगात शर्ट घातला आणि बाहेर आले. तेव्हापासून ते बाकावरच आहेत. "सरका, आत सरका, पुढे जागा आहे. तुमचे नुसते कापायचे की धुवायचेही? मग तुम्ही यांच्या मागे." बायका हसतात आणि सरकतात. कुणाची सून कुठे असते, कुणाच्या गुडघ्याचं काय झालं, हे सगळं त्यांना पाठ.

अशा चालत्या घरात पाण्याची धार बारीक झाली.

नेमकी कधी, ते कुणालाच सांगता येईना. केस गळावेत तशी ती कमी होत गेली. आधी फेस जायला वेळ लागू लागला. मग मावशी बादली भरून ठेवून मगाने केस धुवू लागली. आणि मग अशी वेळ आली, की धार सुईत ओवता आली असती. डोकं धुवायला लागणारा वेळ कापायला लागणाऱ्या वेळाच्या पुढे गेला. मान टेकून टेकून एका बाईची मान धरली, आणि तिला पार्लरमधून सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जावं लागलं.

दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं. मावशी तळमळायला लागली. येता-जाता नळ उघडून बघायची, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा. तिने नळाच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवली. पांढरा क्षार निघाला भरपूर, धार तेवढीच. बेसिनच्या शॉवरच्या भोकांत केसाची पिन घालून प्रत्येक भोक मोकळं केलं. बेसिनखालची नळी पिळवटलीय का ते बघितलं, मग वाद नको म्हणून नळीच बदलली. गिऱ्हाइकं बाकावरून सल्ले देत होतीच. एकीच्या मते जमिनीखाली कुठेतरी गळती होती, एकीच्या मते टाकीत कबुतर पडलं होतं. कबुतरासाठी मला टाकीत डोकावायला चढवलं. आत पाणी होतं आणि पाण्यात माझाच चेहरा होता. गळतीसाठी मावशीने सगळे नळ बंद करून टाकीतलं पाणी किती उतरतं ते बघायचं ठरवलं. पण नळ बंद ठेवून गप्प बसणं तिला झेपेना, म्हणून ती परीक्षा अर्धवट राहिली.

एवढं होईपर्यंत कोपऱ्यावर काचेच्या दाराचं नवं पार्लर उघडलं. मावशीच्या दोन-तीन बायका त्या दारातून आत जाताना दिसल्या. दार काचेचं असल्यामुळे आत बसलेल्याही दिसल्या.

त्या संध्याकाळी मावशी बस स्टँडसमोरचा एक गाळा बघून आली. पाणी भरपूर, दोन बेसिनची सोय. गाळ्याच्या मालकाने हो की नाही विचारलं, आणि मावशी म्हणाली, "शनिवारी दुपारपर्यंत सांगते."

घरात हे कळलं तेव्हा काका हातातलं पुस्तक मिटून बसले. मावशीने मुदत मागितली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. दुसऱ्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या आजोबांनी एका बाईला तीनदा विचारलं, "तुमचे नुसते कापायचे की धुवायचेही?" आणि जेवताना भात पुढे सरकवत म्हणाले, "गाळा चांगलाच असेल. स्टँडसमोर म्हणजे माणसांची वर्दळ." ताटात अर्धा भात तसाच.

"तुम्हालाही नेईन की तिकडे रोज," मावशी म्हणाली.

"छे, छे. मी कशाला मध्ये? तू तुझं बघ. माझं काय, मी आपला आहे खोलीत."

त्यावर मावशीने फाडकन ताट उचललं. तेही त्यांचं, आणि त्यांचं जेवण व्हायचं होतं.

शनिवारी सकाळी तिचा मला फोन. "ये. शिडी धरायला ये. आलास का?"

मी पोचलो तेव्हा खुर्चीत हेडबाई बसल्या होत्या. या मावशीच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत अंगठे धरून उभं केलं होतं, त्यामुळे त्यांच्या समोरून जाताना माणसं अजून शर्टाची बटणं लावतात. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा शाळेतला निरोप समारंभ होता. आणि हेडबाईंच्या डोक्यावर, कपाळापासून मानेपर्यंत, काळा रंग थापलेला होता.

"मावशी," मी हळूच विचारलं, "पाणी आलं?"

"येईल ना. नळवाला येतोय."

"निघालाय का तो?" आरशातून हेडबाईंनी विचारलं.

"निघेलच."

"म्हणजे रंग लावलास तू, आणि पाणी यायचंय?"

"बाई, रंगाला मुरायला वेळ लागतोच. तो वेळ वाया का घालवायचा?"

"अर्ध्या तासाच्या वर ठेवायचा नसतो, असं तूच सांगतेस."

"हो, पण अर्धा तास बराच असतो," असं मावशी म्हणाली, जिला पाच मिनिटंही कधी पुरलेली नाहीत.

काका त्या दिवशी रजा घेऊन घरी होते. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते जिन्याच्या दोन पायऱ्या चढत आणि परत उतरत. आजोबा बाकावर होते, पण बाक रिकामा होता. रांगच नव्हती, तर सरका कुणाला म्हणणार? ते स्वतःच इकडून तिकडे सरकत होते.

नळवाला आला. त्याला सगळे सावकाशराव म्हणतात. त्याने दारात चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या, मग त्यातली एक वाकडी वाटली म्हणून परत जोडली. मावशीच्या घशातून किटलीसारखा एक आवाज निघाला.

"काय होतंय?" त्याने विचारलं.

"धार येत नाही!"

"नाही कशी? येतेय की. बारीक येतेय."

सावकाशरावांनी जाळी काढून उजेडात धरली. "ही साफ आहे."

"मीच केली ती!"

"छान केलीत." त्याने ती फुंकली, परत बसवली. मग वर जाऊन बाथरूमचा नळ सोडून बघितला, खाली आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "गंमत आहे. टाकी वर, म्हणजे खालच्या नळाला जोर जास्त हवा. तुमचं उलटं आहे. वर बरी, खाली बारीक. म्हणजे पाइपात हवा अडकलीय."

हवा काढायला त्याने बेसिनचा नळ सोडवला, नळी तोंडात धरली आणि गाल फुगवून फुंकली. पाइप एकदा गुरगुरला. थोडं तांबूस पाणी थुंकला. मग पुन्हा तीच सुईतली धार.

"अगं," हेडबाईंचा आवाज आला, "माझी टाळू चुरचुरतेय."

"झालंच, झालंच!" मावशी मगाने पाणी घालायला धावली, तर बादली रिकामी. ती नळाखाली लावली, तर बादलीच्या तळाला थेंब मोजता आले असते. "अहो, वरून बादली आणा!" काका वर धावले. येताना अर्धी बादली जिन्यावर सांडली. मी पुसायला लागलो. हेडबाई खुर्चीतून म्हणाल्या, "मी निरोपाला डोक्यावर डांबर घेऊन जाणार आहे का? स्पष्ट सांग."

मावशीचा फोन वाजला. तिने नाव बघितलं. "गाळ्याचा मालक." तिने तो न घेता खिशात टाकला, आणि तो खिशात वाजत राहिला.

"मग पाइपच," सावकाशरावांनी निकाल दिला. "लोखंडी आहे ना जुना? आतून गंज धरतो, गाळ बसतो, वाट अरुंद होते. म्हाताऱ्याच्या शिरेसारखं. जिन्याखालून बेसिनपर्यंत भिंत फोडावी लागेल."

"फोडा!" मावशी म्हणाली.

"दोन-तीन दिवस—"

"फोडा म्हणतेय ना! नाहीतर मी त्या गाळ्यात जाते. जातेच. या फोनला हो म्हणते आणि मोकळी होते!"

सावकाशरावांनी पिशवीतून छिन्नी काढली, हातोडी काढली आणि आजोबांकडे वळून तो अदबीने म्हणाला, "आजोबा, जरा उठता? तुमच्या मागूनच सुरुवात."

आजोबा उठले नाहीत. "इथून कशाला? तिकडून सुरू कर."

"पाइप तर इथून आत येतो."

"येत असेल. पण भिंत चांगली आहे."

"बाबा, उठा ना!" मावशी.

"उठतो. उठतो की." पण बसूनच राहिले. छिन्नीचं टोक त्यांच्या खांद्याशेजारी भिंतीला टेकलं, तेव्हा आजोबांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "थांब रे. भिंत फोडू नकोस. बाकामागे एक लाकडी झडप आहे. तिच्यात व्हॉल्व्ह आहे. तो मी थोडा बंद केलाय."

सावकाशरावांनी छिन्नी खाली ठेवली.

"तुम्ही?" मावशी म्हणाली.

"एकच आटा. सकाळी तू इथे नळ सोडलास की वर या माझ्या पोराच्या अंघोळीचं पाणी जायचं. अंगाला साबण लावून हा बिचारा थंडीत उभा राहायचा, आणि बोलायचा नाही. म्हणून मी एक आटा फिरवला. पण एका आट्याने एवढं कसं होईल? म्हणून गप्प बसलो. मला वाटलं, खरंच पाइप असेल."

बाक ओढला. झडप उघडली. आत गंजकट लाल चक्रीचा व्हॉल्व्ह. सावकाशरावांनी चक्री एक आटा उघडली. धार किंचित जाड झाली. "हा तुमचा," तो आजोबांना म्हणाला. "पण अजून बंद आहे हा."

काकांनी घसा खाकरला. ग्रंथालयातला माणूस घसा खाकरतो तेव्हा सगळे बघतात. "पुढचा माझा असेल."

"अहो!"

"तू नळ फटकन बंद करतेस ना, त्याने भिंतीत पाइप ठण्णकन वाजतो. बाबांची दुपारची झोप मोडते. ते म्हणत नाहीत काही, पण दचकून उठलेले मी बघितलेत. धार कमी केली की आवाज कमी होतो. मी दोन आटे... अडीच असतील."

सावकाशरावांनी अडीच आटे उघडले. नळातून बरं पाणी यायला लागलं. मावशीने कमरेवर हात ठेवले. आता कुठे तिला सूर सापडला होता. "म्हणजे मी महिनाभर व्हिनेगरमध्ये जाळ्या भिजवतेय, मान मोडलेल्या बाईची माफी मागतेय, आणि तुम्ही दोघं बापलेक व्हॉल्व्ह आवळून देवासारखे बसलात! मला वेड लागायची वेळ आली, हा भाचा टाकीत पडता पडता वाचला—"

"ताई," नळवाला म्हणाला, "अजून बंद आहे. निदान दोन आटे."

"आता कुणाचे?" मावशीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. आजोबांनी मान हलवली. काकांनी हलवली. तिने माझ्याकडे बघितलं. मी घाबरून माझीही हलवली.

मग मी तिला एक गोष्ट करताना बघितलं, जी मी आयुष्यात बघितली नव्हती. ती थांबली. हात हवेत, तोंड उघडं, अख्खी मावशी जागच्या जागी.

"अगंबाई," ती म्हणाली.

"काय?"

"उन्हाळ्यात. टाकी रिकामी व्हायची आणि बाबांना हातपाय धुवायला पाणी उरायचं नाही. घाईत होते. जरासा फिरवला आणि..." तिने तोंडावर हात ठेवला. "आणि विसरलेच."

"मुलांनो," हेडबाई खुर्चीतून शांतपणे म्हणाल्या, "तुमचं कौतुक मी नंतर करीन. आधी माझं डोकं धुवा."

सावकाशरावांनी उरलेले आटे उघडले. त्याबरोबर फवारा असा सुटला, की मावशीच्या हातातली नळी सापासारखी वळवळली आणि आरसा, काका आणि छत यांची अंघोळ झाली. मावशीने नळी पकडली, हेडबाईंची मान टेकवली आणि हात चालवले. काळं पाणी धो-धो वाहून गेलं. खाली पांढरं बेसिन दिसू लागलं. महिन्याभरात तिच्या बोटांना असं पळायला मिळालं नव्हतं. मग तिने सवयीने नळ बंद केला आणि भिंतीत पाइप ठण्णकन वाजला. आजोबा दचकले आणि दचकलोच नाही असं दाखवू लागले.

"हे बघ," काका टॉवेलने चष्मा पुसत म्हणाले, "राहू दे पूर्ण उघडा. मी पहाटे अंघोळ करीन. मला चालतं."

"पहाटे कशाला उठतोस? झोप पुरत नाही तुला," आजोबा म्हणाले. "मी दुपारी मागच्या खोलीत झोपेन. तिथे उकडतं, पण ठीक आहे. किंवा झोपतच नाही. नाहीतरी या वयात..."

"नको, मग मीच एक आटा बंद करते," मावशी म्हणाली, "बायका पाच मिनिटं जास्त बसतील, त्यात काय—"

तिचा हात चक्रीवर होता. मग तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं असावं. ती ताडकन सरळ झाली.

"पुरे! आजपासून या घरात कुणी कुणासाठी गुपचूप काहीही करायचं नाही! एवढंसुद्धा नाही! ज्याला जे हवं, ते तोंड उघडून मागायचं! समजलं? ओरडून मागायचं!"

खिशात फोन परत वाजायला लागला. तिने तो काढला, नाव बघितलं, आणि हिरव्या खुणेवर अंगठा ठेवणार तेवढ्यात आजोबा म्हणाले, "मग मी मागू?"

ओरडले नाहीत. उलट इतकं हळू, की काकांनी मान पुढे केली.

"मागा."

"दुकान इथेच राहू दे."

फोन वाजत होता. "आधी का नाही बोललात?" मावशी म्हणाली. "भात टाकत होतात ताटात! गाळा चांगला असेल म्हणे! वर्दळ म्हणे!"

"तुझी सोय बघायची, की माझी? तू एवढी धावतेस. मी म्हातारा माणूस बाकावर बसून बडबड करतो, त्यासाठी तू इथे अडकून का राहायचं?" त्यांनी बाकाकडे बघितलं. बाक ओढून खोलीच्या मधोमध आला होता. "पण मला इथे बसायचंय."

मावशीने फोन कानाला लावला. "हॅलो? नको. नाही, गाळा चांगलाच आहे. नको. हो, विचार करून सांगतेय. मी! हो, मीच! ठेवते." आणि तिने ठेवला. डोळे पुसले ते बहुधा रंगाच्या वासाने. त्या वासाने तिला कधी काही होत नाही, ही गोष्ट वेगळी.

"आता बाक मागे लाव रे," ती मला म्हणाली. मी आणि काकांनी तो उचलला. झडप मात्र तिने उघडीच ठेवायला लावली, सगळ्यांना दिसेल अशी.

"आणि आणखी एक," आजोबा बाकावर टेकत म्हणाले.

"बोला."

"नळ जरा हळू बंद करत जा."

"ते मात्र जमणार नाही," मावशी म्हणाली, "पण सांगितलंत ते बरं केलंत. दुपारी केस धुवायचे असले की आधी तुम्हाला हाक मारीन. दचकायचंच आहे, तर उठून दचका."

"चालेल. आणि या बाकाला गादी हवी. बरीच वर्षं टोचतंय."

"बरीच वर्षं!"

"आणि सकाळी याची अंघोळ होईपर्यंत तू नळ सोडायचा नाहीस. हे त्याने मागायला हवं, पण तो मागणार नाही."

काकांनी मान डोलवली आणि मग, घरातल्या नव्या नियमाची आठवण होऊन, मोठ्याने म्हणाले, "हो! मागतो!" एवढा मोठा आवाज आपल्यात आहे हे पाहून ते स्वतःच खाली बसले. हेडबाईंनी ओल्या केसांनी आरशातून मागे बघितलं, आणि सगळ्यांच्या पाठी आपोआप ताठ झाल्या.